गीतेच्या यादीत भावगीतं: ओपन सोर्समधला एक बग दुरुस्त करून पाठवताना

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात साडेतीन हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. ठाण्यातल्या नौपाड्यातली जुनी इमारत, तळमजल्यावर पूर्वी वॉचमनची खोली होती, तिथे कपाटं लावलीत. संध्याकाळी सहा ते आठ काका बसतात. काका म्हणजे आमचे चिटणीस, रेल्वेतून रिटायर झालेले, हिशेबाला पक्के. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये आहे आणि तिच्यावर चालणारी तीसेक ओळींची पायथॉन स्क्रिप्ट मी लिहून दिली होती. महिन्यातून एकदा चालवायची, विषयवार याद्यांच्या वेगवेगळ्या फायली पडतात, काका त्या छापून बोर्डावर लावतात. विषयाच्या नावावरून फाइलचं नाव तयार करायला मी एक छोटं तयार पॅकेज (दुसऱ्याने लिहिलेला, उचलून वापरायचा कोड) वापरलं होतं. पॅकेजचं नाव सांगत नाही. चूक आता दुरुस्त झाली आहे, आणि असं चुकणारं ते एकटंच नाही.

एका संध्याकाळी काकांनी खालूनच हाक मारली. "अगं, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी गीतेची यादी मागितली, तर यात भावगीतं कशी काय आली?"

फोल्डर उघडून बघितलं. विषय ३१, फायली ३०. चरित्राच्या फाइलचं नाव "चर-त-र", कवितेचं "कव-त". आणि एक फाइल होती "ग-त". गीता आणि गीते, दोघांचं मिळून "ग-त". नंतर लिहिलेली गीतांची फाइल आधीच्या गीतेवर चढून बसली होती. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

मी पेशाने टेस्टर आहे. रोज ट्रान्स-हार्बरने ठाणे ते कोपरखैरणे, तिथून शेअर रिक्षाने महापे, आणि मग दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून लिहून काढायच्या व "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे ऐकायचं. चौदा वर्षं झाली. त्यामुळे ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या पॅकेजमधला बग दुरुस्त करून पाठवणं हे मोठ्या प्रोग्रामरांचं काम, असं मलाही वाटायचं. केल्यावर कळलं की दुरुस्ती पाच-सहा ओळींची असते, बाकी सगळं काम टेस्टरचंच आहे. म्हणून हे लिहितेय. (कमांड मी तोंडाने म्हणते तशा देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच रोमन.)

बग कुणाचा आहे ते आधी ठरवा

पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. माझी स्क्रिप्ट, एक्सेल वाचणारं पॅकेज, नाव बनवणारं पॅकेज, खुद्द पायथॉन, वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरची उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, यातलं कुणीही दोषी असू शकत होतं. एकेक काढून टाकत गेले. एक्सेल काढलं, विषय सरळ कोडमध्ये लिहिला. फाइल लिहिणं काढलं, नाव नुसतं स्क्रीनवर छापलं. शेवटी तीन ओळी उरल्या: पॅकेज आणा, "गीता" द्या, उत्तर छापा. उत्तर "ग-त".

या तीन ओळी म्हणजे तुमची खरी कमाई. त्या हातात नसतील तर पुढचं काही करूच नका.

आता "ग-त" का? गीता हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये (जगभरच्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) तो चार तुकड्यांचा आहे: ग, दीर्घ वेलांटी, त, काना. यातले ग आणि त हे "अक्षर" या वर्गात मोडतात, वेलांटी आणि काना "मार्क" या वर्गात. पॅकेजच्या आत रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुरातली ठरावीक चिन्हं शोधणाऱ्या नियमाची, एक ओळ होती. शब्दात चालणारी चिन्हं ठेवा, बाकी सगळ्याच्या जागी आडवी रेघ घाला, एवढंच ती सांगते. पायथॉनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये "शब्दात चालणारं" म्हणजे अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोअर. मार्क त्यात येत नाहीत. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त, सगळा कचरा! इंग्रजीत हे कधी दिसत नाही. फ्रेंचमध्येही सहसा नाही, कारण त्यांचं टोपीवालं अक्षर बहुतेकदा एकाच तुकड्यात येतं. आपल्याकडे मात्र ठाण्याचं "ठ-ण" होतं.

पायथॉनच्या या वागण्याबद्दल २०११ सालीच तक्रार नोंदवलेली आहे. मग दुरुस्ती पायथॉनमध्ये करायची का? तिथे हात घातला तर जगभरच्या चालत्या प्रोग्रामांचं वागणं बदलेल, म्हणून ते घोडं अडलंय. पॅकेजला मात्र स्वतःपुरता नियम नीट लिहिता येतो. दुरुस्ती कुठे करायची याचा निर्णय असा घ्यावा लागतो: मूळ कितीही खोल असलं, तरी ज्या पायरीवर ती कमीत कमी लोकांना त्रास देऊन करता येईल तिथे करायची.

मग आवृत्ती. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरचं पॅकेज उबुंटूच्या भांडारातून ॲप्ट या तिथल्या कमांडने आलेलं, चांगलंच जुनं. माझ्या लॅपटॉपवर वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा) करून पिपने, म्हणजे पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या कमांडने, सर्वांत ताजी आवृत्ती घातली. तिथेही "ग-त". मग गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची मेन ब्रांच (पॅकेजची चालू कामाची प्रत) उतरवून तीच परीक्षा. तिथेही. मेनमध्ये बग नसता तर माझं काम तिथेच संपलं असतं, नुसती नव्या आवृत्तीची वाट बघायची. हे न बघता दोन रात्री घालवलेले लोक मला माहीत आहेत. त्यातली एक मीच, पण तो वेगळा बग.

मग आधी कुणी तक्रार केली आहे का ते शोधायचं, आणि शोधताना बंद झालेल्या तक्रारीही दिसतील असा फिल्टर लावायचा. "मराठी" असं शोधून काही मिळणार नाही. हिंदी, बंगाली, थाई, युनिकोड, कम्बायनिंग मार्क असे शब्द टाकून बघा. मला एका बंगाली माणसाची दोन वर्षांपूर्वीची तक्रार सापडली. "बंगाली नावं मोडतात," एवढी एकच ओळ. मेंटेनरने, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याने, उदाहरण मागितलं होतं, उत्तर आलं नाही, बॉटने ती आपोआप बंद केली. पॅकेज वापरणारा प्रत्येक बंगाली माणूस त्यानंतर दोन वर्षं तेच भोगत होता.

तक्रार लिहिताना

मेंटेनरला देवनागरी येत नाही. त्याच्या दृष्टीने "गीता" आणि "गीते" ही दोन जवळजवळ सारखी चित्रं आहेत. आपण तळमळीने "बघा, वेलांटी गेली!" म्हटलं तरी त्याला वेलांटी कुठे होती तेच दिसत नाही. म्हणून मी प्रत्येक तुकड्याचा युनिकोड क्रमांक, त्याचं अधिकृत नाव आणि वर्ग अशी चार ओळींची यादी दिली. पॅकेजमध्ये काय घातलं, काय यायला हवं होतं, काय आलं, पायथॉनची आवृत्ती, पॅकेजची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्या तीन ओळी. बास.

मथळ्याचा विचार मात्र बराच वेळ केला. पहिल्यांदा लिहिलं होतं की भारतीय लिपींतली नावं विद्रूप होतात. वाचणारा म्हणेल, होतात तर होऊ द्या, दिसण्याचा प्रश्न आहे. मग बदललं: दोन वेगळ्या शीर्षकांपासून एकच नाव तयार होतं आणि आधीची फाइल पुसली जाते. हे वाचून माणूस खुर्चीत सरळ बसतो. ऑफिसात आम्ही सिव्हेरिटी, म्हणजे चुकीचं गांभीर्य, ठरवतो तेव्हा हाच फरक असतो: दिसायला वाईट, की माहिती जाते? गोष्ट फुगवून सांगायची नाही, पण जे खरंच घडलं त्यातलं सगळ्यांत वाईट आधी सांगायचं.

एक अपवाद. बगमुळे कुणाचा पासवर्ड, कुणाची माहिती बाहेर जात असेल तर उघड इश्यू (गिटहबवरची तक्रार) टाकायचा नाही. बऱ्याच रेपोंमध्ये, म्हणजे पॅकेजचा कोड ठेवलेल्या जागी, सिक्युरिटी नावाची फाइल असते, तिच्यात खासगीत कुणाला कळवायचं ते लिहिलेलं असतं.

इश्यू टाकल्यावर "मी दुरुस्ती करून पाठवू का?" असं शेवटी विचारलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, दोन शब्दांचं: हो, कृपया. हे विचारून घेणं बरं असतं. छोट्या चुकीला नाही विचारलं तरी चालतं, पण वागणूक बदलणारी दुरुस्ती असेल तर आधी होकार घ्या. नाहीतर तुम्ही शनिवार-रविवार खर्च करता आणि मेंटेनर म्हणतो की हे असंच हवंय.

ऑफिसचा कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण आपल्याकडे आयटीत असलेल्यांनी टाळू नये. अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कोड कंपनीचं, असं कलम बऱ्याच ठिकाणी असतं. मी मॅनेजरला मेल टाकली, एचआरला कॉपी, घरच्या वेळेत, घरच्या लॅपटॉपवर, वाचनालयासाठी वापरत असलेल्या पॅकेजची दुरुस्ती पाठवतेय. एका ओळीचं "हरकत नाही" आलं. ते जपून ठेवलंय. लॅपटॉप ऑफिसचा नको, आणि गिटमधला (कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम) ईमेल पत्ता तर नकोच नको. माझ्या पहिल्या कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, ऑफिसचा पत्ता गेला होता, कारण घरच्या लॅपटॉपवरही कधीतरी तोच सेट केलेला. पुश करण्याआधी (गिटहबवर चढवण्याआधी) बघितलं म्हणून सुटले. गिट कॉन्फिग युजर डॉट ईमेल एकदा चालवून बघा. गिटहब स्वतःचा आंधळा पत्ताही देतं, आपला खरा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर तो लावा.

पॅकेजच्या रेपोत कॉन्ट्रिब्यूटिंग नावाची फाइल असेल तर ती अथपासून इतिपर्यंत वाचा. आमच्या पॅकेजमध्ये साइन-ऑफ मागितला होता. कमिट करताना मायनस एस लावलं की संदेशाच्या खाली तुमच्या नावाची ओळ येते, तिचा अर्थ "हे मी लिहिलंय किंवा पाठवायचा मला हक्क आहे". लिनक्स कर्नलने २००४ मध्ये ही पद्धत आणली. कोडच्या मालकीवरून कोर्टकचेऱ्या चालू होत्या तेव्हा. काही मोठे प्रकल्प याऐवजी वेगळा करार ऑनलाइन सही करून घेतात.

काही बदलायच्या आधी टेस्ट चालवा

फोर्क करा (गिटहबवर आपली प्रत), क्लोन करा (ती लॅपटॉपवर), स्वतःची ब्रांच काढा (बदलांसाठी वेगळी फांदी), पिप इन्स्टॉल मायनस ई करून पॅकेज असं बसवा की तुमचा बदल लगेच लागू होईल. आणि मग काहीही न बदलता पॅकेजच्या सगळ्या टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवा.

मी हे रात्री एक वाजता केलं. दोन टेस्ट नापास. हात न लावता! दुसऱ्या दिवशी सकाळी दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी लोकल पकडली, खिडकी मिळाली, लॅपटॉप उघडून पुन्हा चालवल्या तर सगळ्या पास. ऐरोली येईपर्यंत डोकं खाजवत होते. त्या दोन टेस्ट फाइलच्या नावात आजची तारीख घालायच्या होत्या. एका बाजूला तारीख यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे घेतलेली, दुसऱ्या बाजूला स्थानिक वेळेप्रमाणे. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात इकडे आजची तारीख आणि तिकडे कालची. भारतात रात्री जागून काम करणाऱ्यांना हमखास सापडेल असा बग. मी त्याला हात लावला नाही, वेगळी तक्रार टाकली. पण आधी टेस्ट चालवल्या नसत्या तर ही दोन नापास माझ्या खात्यावर धरून रात्रभर माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसले असते.

मग नवी टेस्ट लिहिली. दुरुस्तीच्या आधी. "गीता" आणि "गीते" यांची नावं वेगळी आली पाहिजेत, "ठाणे" जसंच्या तसं आलं पाहिजे. चालवली, नापास झाली, समाधान वाटलं. दुरुस्तीनंतर लिहिलेल्या टेस्टवर माझा विश्वास नाही. ती मुळात नापास होऊ शकते का, हेच कुणी बघितलेलं नसतं.

बग आधी नव्हता आणि मधेच कधीतरी आला असेल तर गिट बायसेक्ट नावाचं सुंदर हत्यार आहे. चांगला कमिट कुठला, वाईट कुठला ते सांगायचं, ते मधला काढून देतं, तुम्ही चांगला-वाईट सांगत जायचं. हजार कमिट असले तरी दहाएक प्रश्नांत गुन्हेगार सापडतो. माझ्या बाबतीत गरज पडली नाही. गिट ब्लेमने (कुठली ओळ कधी, कुणी लिहिली ते सांगणारी कमांड) दाखवलं की ती ओळ पहिल्या दिवसापासून तशीच होती.

दुरुस्ती: तीनदा

पहिला प्रयत्न सरळ होता. देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा "चालणाऱ्या" चिन्हांत घातला. टेस्ट पास. पाठवून दिला, आणि लगेच खजील झाले. मेंटेनरने विचारलं, बंगालीचं काय? तमिळचं काय? दोन वर्षांपूर्वीच्या त्या बंगाली माणसाला मी विसरूनच गेले होते. शिवाय पट्टा सरसकट घेतल्यामुळे त्यात दंडही आला होता. दंड, म्हणजे श्लोकाच्या शेवटची उभी रेघ, देवनागरीच्या पट्ट्यातच बसतो पण तो विरामचिन्ह आहे. फाइलच्या नावात त्याला काही काम नाही. देवनागरी न येणाऱ्या माणसाने मला देवनागरीतलं हे दाखवून दिलं, कारण त्याने युनिकोडची यादी उघडून वाचली होती आणि मी नव्हती.

शिवाय त्या पॅचमध्ये, म्हणजे पाठवलेल्या बदलात, तीनशे ओळी बदललेल्या दिसत होत्या. माझ्या एडिटरने सेव्ह करताना सगळी फाइल स्वतःच्या आवडीने सजवली होती, एकेरी अवतरणांची दुहेरी केली होती. खरी दुरुस्ती चार ओळींची. तीनशे ओळींत चार शोधायला कोण बसणार? एडिटरचं ते सेटिंग बंद करा, आणि पाठवण्याआधी गिट डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी कमांड) ओळ न् ओळ स्वतः वाचा. लाज वाटेल अशा गोष्टी तिथेच सापडतात.

दुसरा प्रयत्न: लिपीचा पट्टा नाही, वर्ग बघायचा. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये प्रत्येक चिन्हाचा वर्ग मिळतो. वर्ग एमने सुरू होत असेल तर तो मार्क, ठेवा. यात देवनागरी, बंगाली, तमिळ, थाई, सगळे एकदम सुटले, आणि दंड बाहेर राहिला. मी बंगाली आणि तमिळचे एकेक शब्दही टेस्टमध्ये घातले. ऑफिसातल्या तमिळ मैत्रिणीकडून लिहून घेतले, अंदाजपंचे नाही.

तिसरी अडचण मीच शोधली, आणि ती अस्सल मराठी आहे. आमच्या यादीत "दऱ्याखोऱ्यांतली भटकंती" असा विषय आहे. यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्तावाला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखे. पण जॉइनर हे अक्षरही नाही, मार्कही नाही, त्याचा वर्गच वेगळा. त्यामुळे दुसऱ्या प्रकारातल्या शब्दात अजूनही मधेच रेघ येत होती.

मेंटेनर म्हणाला, न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकू की, सोपं पडेल. मी लिहिलं की जॉइनर काढला तर "दऱ्या"चा "दर्या" होतो. पहिला शब्द डोंगरातला, दुसरा समुद्र. यावर त्याने एक हसरा चेहरा पाठवला आणि विचारलं, मग धोका काय? धोका खरा आहे. न दिसणारी चिन्हं नावात कुठेही राहू दिली तर दिसायला एकसारखी पण आतून वेगळी नावं करून कुणाला फसवता येतं. शेवटी ठरलं की जॉइनर फक्त हलन्ताच्या लगेच नंतर आला तरच ठेवायचा. आणि हे वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या, अशी गिटहबवरची विनंती). एका पॅचमध्ये एक गोष्ट. मार्कची दुरुस्ती बिनवादाची होती, जॉइनरची वादाची. दोन्ही एकत्र बांधल्या असत्या तर वादाने बिनवादाचीही अडवून धरली असती.

पाठवताना

कमिटचा संदेश इंग्रजीत, पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत, काय केलं ते आज्ञार्थी. मग एक ओळ रिकामी, मग का केलं ते. "काय" कोडमध्ये दिसतंच, "का" पाच वर्षांनी ब्लेम करणाऱ्याला लागतं. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात फिक्सेस लिहून इश्यूचा क्रमांक दिला की मर्ज होताच (बदल मूळ कोडमध्ये घेतला जाताच) गिटहब तो इश्यू आपोआप बंद करतं.

पहिल्यांदाच पाठवत असाल तर त्यांच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट लगेच सुरू होत नाहीत, आधी मेंटेनरने परवानगी द्यावी लागते. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. माझ्या टेस्ट सुरू झाल्यावर लिनक्सवर हिरवं, मॅकवर हिरवं, विंडोजवर लाल. मी टेस्टमध्ये एक फाइल उघडली होती आणि एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) लिहिलं नव्हतं. विंडोजवर पायथॉनने तिथलं जुनं इंग्रजी एन्कोडिंग गृहीत धरलं आणि देवनागरीवर गडगडला. फाइल उघडताना यूटीएफ-८ स्पष्ट लिहायचं, ही सवय मराठीत काम करणाऱ्याला तरी हवीच.

चॅटबॉटकडून पॅच लिहून घेऊ का, असं मला ऑफिसातली नवी पोरं विचारतात. घ्या, पण मेंटेनरने "ही ओळ का?" विचारलं की उत्तर तुम्हाला देता आलं पाहिजे. आणि रीडमीमधलं एखादं स्पेलिंग बदलून "योगदान" मिरवू नका. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्समध्ये योगदान द्यायच्या वार्षिक मोहिमेच्या टी-शर्टसाठी लोकांनी असल्या पुल रिक्वेस्टचा इतका पाऊस पाडला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. त्यात आपल्याकडचेही पुष्कळ होते.

मग थांबायचं. मी पाठवल्यावर बारा दिवस शांतता. तेराव्या दिवशी लिहिलं, काही बदल हवा असेल तर सांगा, मी या आठवड्यात मोकळी आहे. त्याने माफी मागितली, मूल आजारी होतं. हा माणूस ते पॅकेज नोकरीनंतर रात्री सांभाळतो, पगार शून्य. त्याच्यावर घाई लादणं नुसतं असभ्य नाही, धोक्याचंही आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या पॅकेजमध्ये लपवलेला चोरदरवाजा सापडला. एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर अनोळखी नावांनी "लवकर करा, दुसऱ्याला हक्क द्या" असा दबाव आणला गेला होता, आणि ज्याला हक्क मिळाले त्यानेच तो दरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतोय हे खटकलं, त्याने खोदलं, म्हणून वाचलो. तेव्हा तुमच्या निरागस पॅचकडेही मेंटेनर संशयाने बघत असेल तर राग धरू नका.

मर्ज झालं, पण वाचनालयात पोचलं नाही

पहिली पुल रिक्वेस्ट पाचव्या आठवड्यात मर्ज झाली, दुसरी त्यानंतर दहा दिवसांनी, पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती आली. मी काकांना ऐटीत सांगितलं, झालं. काकांनी स्क्रिप्ट चालवली. "ग-त".

कारण वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे. ती निघताना पॅकेजं जिथे होती तिथेच गोठतात, नंतर सुरक्षेच्या आणि मोजक्या गंभीर दुरुस्त्याच आत येतात. असली छोटी पॅकेजं उबुंटू बहुतेक डेबियन या दुसऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमकडून उचलतं. म्हणून क्रम असा: दुरुस्ती आधी मूळ लेखकाकडे, म्हणजे अपस्ट्रीम, मग डेबियनला कळवायचं. उलटं केलंत तर डेबियनवाले पहिला प्रश्न हाच विचारतील की अपस्ट्रीमला सांगितलं का.

डेबियनची बगव्यवस्था सगळी ईमेलवर चालते, जुन्या वळणाची आणि भक्कम. रिपोर्टबग नावाचा प्रोग्राम प्रश्न विचारत तक्रार लिहून घेतो, पॅकेजची नेमकी आवृत्ती स्वतःच घालतो. गांभीर्य मी "इम्पॉर्टंट" ठेवलं, पॅचची खूण लावली, अपस्ट्रीमच्या कमिटचा दुवा दिला. तिथले लोक मूळ कोड न बिघडवता वेगळ्या फोल्डरमध्ये पॅचची चळत ठेवतात, प्रत्येकाच्या डोक्यावर तो कुठून आला आणि अपस्ट्रीमने घेतला का हे लिहितात. नवीच आवृत्ती घ्यायची असेल तर पॅचची गरजही पडत नाही. आमच्या बाबतीत त्यांनी नवी आवृत्तीच घेतली.

ती वाचनालयात यायला पुढची उबुंटू बसवावी लागेल, आणि काका ते करू देणार नाहीत, कारण मागच्या वेळी प्रिंटर रुसला होता. मी सरळ वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात पिपने नवी आवृत्ती घातली. पाच मिनिटांचं काम. नाइलाजाने घाईत असाल तर तुम्हीही आधी हेच करा.

आता काना-मात्रा जागेवर राहिल्याने नावं लांबली, आणि नवीच गोष्ट लक्षात आली. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, अक्षरांची नाही. देवनागरीचा प्रत्येक तुकडा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातो, म्हणजे ८५ तुकड्यांत खेळ खलास. पॅकेज मात्र शंभर चिन्हांवर कापतं. त्याचा इश्यू टाकलाय, तो अजून उघडा आहे. ज्याला पहिली दुरुस्ती करून बघायची असेल त्याने तसला बाइटचा हिशेब आपल्या वापरातल्या पॅकेजांत तपासावा, बरीच चुकलेली सापडतील.

त्या रविवारी काकांनी नव्या याद्या छापल्या. गीता एका कागदावर, गीते दुसऱ्यावर, फायली मोजून ३१. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोल्डर दोनदा वरखाली केला. "हे सगळं ठीक आहे गं, पण दऱ्याखोऱ्यांतली भटकंती दोनदा का?"

दोन नावं, अगदी हुबेहूब. एकात अठरा पुस्तकं, दुसऱ्यात चार. यादीत ती चार पुस्तकं कुणीतरी जॉइनरवाला ऱ्य वापरून चढवली होती. आधी नावं मोडलेली असायची म्हणून ती वेगळी दिसत होती, आता सुधारल्यावर जुळी झाली. ही चूक पॅकेजची नाही, आमच्या एक्सेलची. मी स्क्रिप्टमध्ये दोन्ही ऱ्य एक करणारी ओळ घालायला बसले, तर काका म्हणाले, "थांब, ती चार कोणी चढवली ते आधी रजिस्टरात बघतो."